तिसऱ्यांचं दाट कालवण : स्वयंपाकघरातला परिसर अभ्यास



मुलं मोबाईलवर परदेशी स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्यात एक पांढरंशुभ्र, दाट सूप हमखास असतं. वाटीत मधूनच शिंपले डोकावत असतात. नाव, क्लॅम चाउडर. "आपण पण करूया ना" असा हट्ट मुलं धरतात. मग पालकसभेनंतर एखादी आई हळूच विचारते, "सर, ते क्लॅम म्हणजे काय असतं हो? आपल्याकडे मिळतं का?" मिळतं की! दादरला मिळतं, चिराबाजारला मिळतं, लालबागच्या मार्केटातही मिळतं. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्या.

चाउडर हा अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा, न्यू इंग्लंड भागातला पदार्थ. खारवलेलं डुकराचं मांस, कांदा, बटाटा, शिंपल्यांमधलं मांस आणि वरून दूध किंवा क्रीम. पूर्वी दाटपणा यावा म्हणून जहाजावरची कडक बिस्किटं त्यात चुरून घालत. हर्मन मेलव्हिलच्या १८५१ सालच्या 'मोबी डिक' या कादंबरीत एका प्रकरणाचं नावच 'चाउडर' आहे. पण नीट बघितलं तर त्या पदार्थाची रचना आपल्या ओळखीची आहे. शिंपल्याचं खारट पाणी, एखादा पिठूळ कंद आणि काहीतरी दुधाळ, स्निग्ध. तिकडे गाईचं दूध, आपल्याकडे नारळाचं. म्हणून क्रीमचा डबा आणायची गरज नाही. आज आपण नारळाच्या दुधातलं तिसऱ्यांचं कालवण पाहू. आणि ते करता करता मुलांना काय काय दाखवता येईल तेही पाहू. खरं सांगायचं तर माझा सगळा रस त्या दुसऱ्या भागातच आहे.

आधी नावांचा घोळ सोडवू. मुंबईत आपण तिसऱ्या म्हणतो. कोळीवाड्यात शिवल्या म्हणतात, रायगड-रत्नागिरीकडे मुळे, गोव्यात खुबे. यातला प्रत्येक शब्द अगदी एकाच जातीसाठी वापरतात असं नाही; खाडीप्रमाणे शिंपल्याचा रंग, आकार आणि जात बदलते. वर्गात एकदा मुलांना "आज घरी विचारून या, तुमच्या गावाला याला काय म्हणतात" असा गृहपाठ द्या. परळ-लालबागच्या शाळेत तर निम्मं कोकण एका फळ्यावर येतं. आणखी एक भाषेची गंमत. 'कालव' म्हणजे वेगळाच शिंपला, खडकाला चिकटून राहणारा. आणि 'कालवण' आलं ते कालवणे या क्रियापदावरून, भातात कालवायचं म्हणून. तेव्हा कालवांचं कालवण होतं, तिसऱ्यांचंही कालवण होतं. मुलांना हे सांगितलं की ती दिवसभर घोकत बसतात.

बाजारात

मुलाला सोबत न्या. तिसऱ्या बहुतेक वेळा वाट्यावर मिळतात. चार माणसांना शिंपल्यांसकट साधारण किलोभर लागतात. त्यातून मांस अगदी मूठ-दोन मूठ निघतं, बाकी सगळं वजन शिंपल्यांचं. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं हिरमुसतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या जिवंत हव्यात. मेलेल्या तिसरीत जंतू फार झपाट्याने वाढतात. ओळखायचं कसं? बंद तोंडाची तिसरी चांगली. तोंड थोडं उघडं असेल तर बोटाने टकटक करायची. जिवंत असेल तर ती हळूहळू मिटते. मिटली नाही तर टाकून द्यायची. फुटलेली असेल तरी टाकायची. आणखी एक लबाडी असते, तिसऱ्यांची नव्हे, निसर्गाची. काही शिंपले घट्ट मिटलेले असतात, पण आत जीव नसतो, नुसता चिखल ठासून भरलेला असतो. असा एक जरी पातेल्यात उघडला तरी सगळं कालवण चिखल. म्हणून जाणत्या बायका दोन-दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटून आवाज ऐकतात. चांगलीचा आवाज दगडासारखा टणक येतो, चिखलवाली बद्द वाजते. मुलांना हे काम द्या. पाच मिनिटांत त्यांचा कान तयार होतो. माझ्या अनुभवाने मोठ्यांपेक्षा लवकर.

कुठून आल्या हेही विचारा. याचं कारण तिसरीच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. ती चिखलात अर्धी रुतून बसते आणि दोन बारीक नळ्या वर काढते. एका नळीने पाणी आत, दुसरीने बाहेर. आतल्या कल्ल्यांवर पाणी गाळलं जातं आणि त्यातले सूक्ष्म वनस्पती-जीव तिच्या पोटात जातात. म्हणजे तिसरी ही एक जिवंत गाळणी आहे. आता गाळणीत काय अडकतं? पाण्यात जे असेल ते. शिवडी-माहुलच्या चिखलात फ्लेमिंगो येतात म्हणून आपण मुलांना सहलीला नेतो, पण त्याच किनाऱ्याला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि शहराचं सांडपाणीही खाडीतच येतं. उकळल्याने जंतू मरतात. शिसं-पारा यांसारखे जड धातू उकळून जात नाहीत. म्हणून शहरालगतच्या खाडीतल्या, कोणीतरी हौसेने गोळा केलेल्या तिसऱ्या मी घरी आणत नाही. रोजची ओळखीची कोळीण असेल आणि ती माल कुठल्या खाडीचा ते सांगत असेल, तर तिच्याकडून घ्याव्यात. पावसाळ्यात तर नकोच. रस्त्यावरची, गटारांची सगळी घाण त्या दिवसांत खाडीत उतरते.

वाळू काढणे

"तिसऱ्या खाल्ल्या की दाताखाली कचकच येते" अशी तक्रार असते. ती कचकच आपण घालवू शकतो. एक लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम मीठ, म्हणजे दोन सपाट टेबलचमचे, विरघळवा. शिंपले वरून घासून धुऊन या पाण्यात दोन तास ठेवा. भांडं पसरट हवं, वर अंधार व्हावा म्हणून ताट अर्धवट झाका. हवा बंद करू नका.

मीठ कशासाठी? साध्या नळाच्या पाण्यात तिसरी तोंड मिटून घेते आणि बराच वेळ ठेवली तर मरते. तिच्या शरीरातलं पाणी खारट, बाहेरचं गोडं. गोडं पाणी आत शिरू लागतं आणि ते तिला सोसत नाही. खारट पाण्यात मात्र तिला घरी आल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने ताट अलगद उचलून बघा. शिंपल्यांच्या फटीतून त्या दोन नळ्या बाहेर आलेल्या दिसतील. मध्येच एखादी पाण्याची पिचकारी उडते. मुलं किंचाळतात. पुस्तकातल्या 'सजीवांची लक्षणे' या पाठाचा याच्याइतका चांगला तास मी तरी घेतलेला नाही.

दोन तासांनी तळाला वाळू बसलेली दिसेल. तिसऱ्या हाताने वर उचलून घ्या. भांडं चाळणीत उपडं केलंत तर तीच वाळू परत त्यांच्या डोक्यावर.

इथे एक गोष्ट खास सांगतो, कारण क्रम चुकला तर धोका आहे. एकशिपी करायची असेल, म्हणजे एका शिंपीत मांस ठेवून दुसरी काढून टाकायची असेल, तर पुष्कळ घरांत तिसऱ्या तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवतात. तोंडं सैल होतात आणि विळीवर उघडायला सोपं जातं. युक्ती चांगली आहे. पण फ्रीझरमध्ये तिसरी मरते. त्यामुळे नंतर उघड्या तोंडाची तिसरी दिसली तर ती आधीच मेलेली होती की फ्रीझरमध्ये मेली, हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. म्हणून टकटक करून निवडणं आधी, खारं पाणी त्यानंतर, आणि फ्रीझर सगळ्यात शेवटी.

आपल्या आजच्या कालवणाला विळीही नको, फ्रीझरही नको.

तोंड का उघडतं?

जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी उकळत ठेवा. त्यात तिसऱ्या टाकून घट्ट झाकण लावा. काचेचं झाकण असेल तर फारच छान. चार-पाच मिनिटांत एकेक शिंपला 'आ' करू लागतो.

मुलं विचारतात, गरम झालं म्हणून ओरडते का ती? नाही. कपड्याचा चिमटा हातात घ्या. चिमट्याची स्प्रिंग त्याला मिटलेला ठेवते, उघडायला आपल्याला जोर लावावा लागतो. तिसरीचं बरोबर उलटं आहे. दोन शिंप्यांच्या सांध्यावर एक लवचीक पट्टी असते, ती शिंपल्याला सतत उघडायला बघते. मिटून ठेवायचं काम आतले दोन स्नायू करतात. म्हणजे मिटून राहण्यासाठी तिसरीला कष्ट पडतात, उघडायला नाही. मरगळलेली तिसरी उघडी का पडते, टकटक केल्यावर जिवंत तिसरी का मिटते आणि शिजल्यावर का उघडते, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर इथेच मिळालं. उष्णतेने स्नायूची पकड सुटते आणि पट्टी आपलं काम करते.

तोंडं उघडली की लगेच गॅस बंद करू नका. आणखी चार मिनिटं झाकण ठेवून वाफ राहू द्या. नुसतं उघडणं म्हणजे पूर्ण शिजणं नव्हे, काही जंतू आणि विषाणू चिवट असतात. मात्र वीस-पंचवीस मिनिटं रटरटवत ठेवलंत तर मांस आकसून रबर होतं. शेवटपर्यंत न उघडलेल्या तिसऱ्या सुरीने उचकटत बसू नका, टाकून द्या.

पातेल्यात आता जे पाणी उरलंय ते फेकाल तर चव फेकाल. शिंपल्यांत साठलेलं खारट पाणी त्यात उतरलेलं असतं. पातळ सुती फडक्यातून गाळून घ्या आणि तळाचा शेवटचा चमचाभर गाळ तसाच सोडून द्या.

डब्यातला वास

कृतीकडे वळण्याआधी थोडं थांबतो, कारण हा लेख लिहायचं खरं निमित्त हे आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने डब्यात भात आणि तिसऱ्यांचं सुकं आणलं होतं. डबा उघडल्या उघडल्या बाजूची दोन-तीन मुलं नाक दाबून "ईऽऽ, वास" करू लागली. तिने डबा मिटला. मधल्या सुट्टीत ती काही खायला तयार होईना. दुसऱ्या दिवसापासून डब्यात बिस्किटं. आई म्हणाली, "आता मासे नको म्हणते, लाज वाटते म्हणते." आठ वर्षांच्या मुलीला घरच्या जेवणाची लाज वाटते, हे मला फार लागलं. ज्या गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्या खानावळीतल्या माशाच्या कालवणावर पोसल्या, तिथली ही गोष्ट आहे बरं का.

त्यावर मी वर्गात भाषण दिलं नाही. 'कोणाच्या जेवणाला नावं ठेवू नये' हे वाक्य मुलं ऐकतात आणि सोडून देतात. पुढच्या आठवड्यात मी घरून उकळून, घासून, वाळवलेले शिंपले आणले आणि प्रत्येक बाकावर दोन-दोन ठेवले. शिंपल्यावरच्या रेषा मोजायला लावल्या. कडेकडेने नवीन थर चढत शिंपला मोठा होतो, म्हणून झाडाच्या खोडासारख्या त्याच्यावर वाढीच्या रेषा असतात. मग दोन शिंपले ग्लासात टाकून वर पांढरं व्हिनेगर ओतलं. बुडबुडे सुरू झाले. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, अंड्याचं कवच आणि खडूचा दगड असतो तसाच. आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आजोबांच्या पानाचा चुनासुद्धा कोकणात शिंपले भाजून करत, हेही सांगितलं. मग विचारलं, "ही आत कशी राहते, कोणाला माहीत आहे?" त्या मुलीने हात वर केला. आजी विळीवर तिसऱ्या कशा उघडते, आत पाणी कसं असतं, 'जीभ' कशी असते, सगळं तिने सांगितलं. ती जीभ म्हणजे तिसरीचा पाय असतो, ज्याने ती चिखलात रुतते, एवढीच भर मी घातली. नाक दाबणारे दोघे पुढे वाकून ऐकत होते.

शिक्षकांसाठी एक सूचना. वर्गात फक्त स्वच्छ, कोरडे शिंपले न्या, शिजवलेला पदार्थ नको. शाकाहारी घरातली मुलं असतात, त्यांचाही मान राहिला पाहिजे. शिंपला हातात घ्यायला कोणाचीच हरकत नसते.

कालवण

वाफवलेल्या तिसऱ्यांची रिकामी शिंपी काढून टाका, मांस असलेली ठेवा. एक मोठा नारळ खवून त्यात वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवा आणि पिळून जाड दूध काढा. उरलेल्या चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा फिरवा, हे पातळ दूध. दोन्ही वेगवेगळी ठेवायची. दोन बटाटे सोलून बारीक फोडी करा. दोन मध्यम कांदे बारीक चिरा. सात-आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, तीन हिरव्या मिरच्या आणि पाच-सहा काळी मिरी जाडसर वाटून घ्या. मुलं लहान असतील तर मिरची एकच.

दोन चमचे तेलावर कांदा मऊ होईपर्यंत परता, लाल करायचा नाही. वाटण घालून कच्चा वास जाईपर्यंत परता, चिमूटभर हळद घाला. आता बटाटे, गाळलेलं शिंपल्यांचं पाणी आणि पातळ दूध. मीठ अजिबात घालू नका, आधी चव बघा. शिंपल्यांचं पाणी मुळातच खारट असतं, बहुतेक वेळा वरून चिमूटभरही लागत नाही. बटाटे शिजले की त्यातल्या चार-पाच फोडी पळीने कडेला ठेचा. त्यांच्यातला स्टार्च पाण्यात मिसळतो आणि कालवणाला अंगचा दाटपणा येतो. ही बटाट्याची कल्पना मी चाउडरवरूनच उचलली आहे. लालबागकडच्या माझ्या मालवणी शेजाऱ्यांना ती फारशी पटत नाही. त्यांचं म्हणणं, कांदा-खोबरं भाजून वाटप लावल्याशिवाय तिसऱ्या कसल्या! वाटपाच्या लाल कालवणाची चव मलाही आवडते, पण लहान मुलांच्या पहिल्या वाटीसाठी हे पांढरं, सौम्य कालवण बरं.

आता तिसऱ्या घाला, एक हलकी उकळी येऊ द्या. मग गॅस अगदी बारीक करून जाड दूध ओता आणि हलवत राहा. कडेला वाफ दिसू लागली की बंद. उकळू द्यायचं नाही.

उकळलं तर काय होतं? कालवण फुटतं, पाणी वेगळं आणि वर तेलकट कण. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. नारळातली प्रथिनं त्या थेंबांभोवती पातळ वेष्टनासारखी बसून त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. जोराच्या उष्णतेने प्रथिनं आकसतात, वेष्टन तुटतं, तेल एकत्र होतं. आंबटपणानेही तसंच होतं, आणि आंबट व उष्ण दोन्ही एकदम आलं तर फारच लवकर. म्हणून सोलकढी कोणी उकळत नाही. आणि म्हणूनच आपल्या कालवणात आमसूल घालायचं ते गॅस बंद केल्यावर, तीन आमसुलं कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी थोडं थोडं ढवळत. चाउडरमध्येही टोमॅटो घातला की तो बिनदुधाचा लाल प्रकार होतो. त्याला न्यूयॉर्कवरून मॅनहॅटन चाउडर म्हणतात, आणि न्यू इंग्लंडवाल्यांना तो चाउडर म्हणून मान्यच नसतो. वाटपाचा वाद सगळीकडेच.

वरून कोथिंबीर भुरभुरा.

मुलाला पहिल्यांदा देत असाल तर एक-दोनच तिसऱ्या द्या आणि तासभर लक्ष ठेवा. शिंपल्यांची ॲलर्जी काही मुलांना असते. ज्यांना कोलंबी-खेकडा सोसत नाही त्यांना तिसऱ्याही सोसणार नाहीत अशी शक्यता असते, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, धाप लागणं यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. उरलेलं कालवण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना वाफा येईपर्यंत नीट तापवा. तेव्हा ते थोडं फुटेल, फुटू द्या, चवीला काही होत नाही.

सोबत गरम भात किंवा तांदळाची भाकरी. मांस शिंपीतून बोटांनी किंवा सरळ दातांनी सोडवायचं, चमच्याच्या भानगडीत पडायचं नाही. आमच्याकडे जेवताना प्रत्येकाच्या ताटाशेजारी रिकाम्या शिंप्यांचा ढीग असतो आणि शेवटी मोजणी होते. ज्याच्या जास्त, त्याने सगळ्यांच्या शिंप्या घासून गच्चीत वाळत घालायच्या. पुढच्या तासाला लागतातच.